शिवेचा साक्षीदार कोण? मोलगीचे डोंगर आणि यंत्राने काढलेला नकाशा

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून वर गेले की मोलगी लागते. सातपुड्यातली ही मोठी बाजारपेठ. भगर, आमचूर, मोहफुले घेऊन डोंगरातल्या पाड्यापाड्यांवरची माणसे इथे बाजाराला येतात. याच बाजारात, चहाच्या टपरीवर, एका वृद्ध बाबांनी पिशवीतून काढून एक कागद आमच्यासमोर ठेवला. त्यांच्या वनहक्क दाव्याचा निकाल होता. शेरा एका ओळीचा: उपग्रह प्रतिमेत लागवड दिसून येत नाही, सबब दावा अमान्य.

बाबांना वाचता येत नव्हते, पण शेऱ्यात काय आहे ते त्यांना कुणीतरी सांगितले होते. ते म्हणाले, "दादा, तो वरतून पाहतो ना? मग त्याला माझं महूचं झाड दिसलं, आणि मी नाही दिसलो?"

त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. हा लेख त्या उत्तराच्या शोधात लिहिला आहे. आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. उपग्रह हा एक साक्षीदार आहे. साक्षीदाराला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवायचे नसते, त्याची उलटतपासणी करायची असते. आणि जमिनीच्या साक्षीचा इतिहास या देशात कुणाला सर्वांत चांगला ठाऊक असेल, तर तो आपल्या समाजाला.

साक्ष चालते, स्पर्श चालत नाही

आज नकाशा म्हटले की डोळ्यांसमोर मोबाइल येतो. पण महाराष्ट्रातल्या गावांना शतकानुशतके कागदावरचा नकाशा नव्हता. गावाची शीव कुठे संपते, कुठला ओढा कुणाचा, कुठला दगड हद्दीचा, हे माणसाच्या डोक्यात असे. तो माणूस म्हणजे गावचा महार. दोन गावांत शिवेचा वाद निघाला की महाराला पुढे करून शीव चालायला लावत, आणि तो चालेल ती हद्द मानली जाई. वतनी कामांच्या यादीत शीव दाखवणे हे महाराचे काम होते, याची नोंद पेशवाईपासून इंग्रजी काळापर्यंत सापडते.

यातला विरोधाभास पाहा. ज्याची सावली विटाळ होती, ज्याचे घर गावकुसाबाहेर होते, त्याच्या शब्दावर अख्ख्या गावाची जमीन ठरत होती. त्याचे ज्ञान गावाला हवे होते, तो माणूस मात्र नको होता. या सेवेच्या मोबदल्यात मिळणारी वतनाची जमीन म्हणजे गुलामीची साखळी आहे हे बाबासाहेबांनी ओळखले. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याचसाठी. कामाला मर्यादा नाही, मोबदल्याला खात्री नाही, आणि नकार द्यायचा अधिकार नाही, अशी ती व्यवस्था होती.

मग इंग्रजांची मोजणी आली. १८३५ च्या सुमारास इंदापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी रयतवारी मोजणी सुरू केली, ती पुढे मुंबई इलाखाभर गेली. ३३ फुटांची साखळी जमिनीवर अंथरायची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, ४० गुंठे म्हणजे एक एकर. आजही आपण हेच माप बोलतो. साखळी ओढायला, दगड पुरायला, झाडोरा तोडायला कोण होते? गावचेच महार, मांग, कोळी, भिल्ल. पण टिपणावर सही मोजणीदाराची आणि नकाशावर नाव साहेबाचे.

देशभर हेच झाले. जगातल्या सर्वोच्च शिखराला जॉर्ज एव्हरेस्टचे नाव मिळाले. त्या शिखराच्या उंचीचे गणित मांडणारे राधानाथ सिकदार थोडेफार आठवले जातात. पण डोंगरमाथ्यावर झेंडे, दिवे आणि जड यंत्रे वाहून नेणाऱ्या खलाशांची नावे कुणालाच माहीत नाहीत. नकाशा काढणारा आणि नकाशासाठी राबणारा हे दोन वेगळे वर्ग तेव्हापासूनच आहेत.

लोकांनी हे निमूट सोसले असेही नाही. १८५२ मध्ये मोजणी खानदेशात आली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतल्या शेतकऱ्यांनी तिला विरोध केला आणि सरकारला लष्कर आणावे लागले. मोजणी म्हणजे सारावाढ, ही त्यांची भीती होती. शाळेच्या इतिहासात या उठावाला दोन ओळीही मिळत नाहीत. पण जमीन मोजणारा माणूस तटस्थ नसतो हे खानदेशच्या शेतकऱ्याला पावणेदोनशे वर्षांपूर्वीच कळले होते.

मोजलेच नाही, म्हणून अतिक्रमण

सपाट खानदेशात मोजणीची भीती होती. वर सातपुड्यात दुखणे उलटे होते. तिथे मोजणी न होणे हेच लोकांच्या मुळावर आले.

मोलगीच्या आसपासचा मुलूख काठीसारख्या मेवासी संस्थानांचा. काठीची राजवाडी होळी आजही सगळ्या सातपुड्याला ओढून आणते. १८१८ नंतर इंग्रजांनी खानदेश घेतला, १८२५ मध्ये औट्रमने भिल्लांची पलटण उभारली, आणि डोंगरावर आपला हात ठेवला. पण डोंगरातल्या शेताचा सारा तो किती येणार? सरकारला तिथे धान्यापेक्षा सागात रस होता. १८७८ चा आणि पुढे १९२७ चा वनकायदा आला. राखीव जंगल जाहीर करायचे, हक्क सांगायला ठरावीक मुदत द्यायची, आणि त्या मुदतीत जो पुढे आला नाही त्याचा हक्क संपला असे धरायचे. ज्या माणसाला जाहीरनामा वाचता येत नाही, ज्याच्या पाड्यावर तो पोहोचतही नाही, त्याने मुदतीत दावा करावा अशी अपेक्षा होती. पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस एका रात्रीत अतिक्रमणदार झाला तो असा.

स्वातंत्र्यानंतरही अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांत ७३ वनगावे राहिली. वनगाव म्हणजे माणसे आहेत, घरे आहेत, शेती आहे, पण महसुली गाव नाही. सातबारा नाही, त्यामुळे कर्ज नाही, नुकसानभरपाई नाही, वारसनोंद नाही. महसुली दर्जासाठी लोकांना कित्येक वर्षे मोर्चे काढावे लागले.

सरदार सरोवराने ही जखम उघडी पाडली. महाराष्ट्रातली ३३ गावे बुडितात गेली, ती सगळी याच दोन तालुक्यांतली. १९७९ च्या नर्मदा लवादाने धरणाची पूर्ण पातळी ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर ठरवली. नकाशावर त्या उंचीची रेषा ओढली की तिच्या आत कोण आणि बाहेर कोण हे ठरते. पण रेषेच्या आत असूनही ज्याच्याकडे सातबारा नाही, तो जमिनीच्या बदल्यात जमीन कशी मागणार? 'घोषित' आणि 'अघोषित' प्रकल्पग्रस्त हे शब्द सातपुड्यातले पोरही ओळखते. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ च्या अहवालात या तथाकथित अतिक्रमणदारांचा प्रश्न मांडला होता. आणि रेषेच्या बाहेर राहिले म्हणून सुटले असेही नाही. चहूबाजूंनी पाणी आणि मध्ये उरलेली टेकडी, तिला लोक टापू म्हणतात. उंचीच्या नकाशात टापू बुडालेला नसतो. तिथे राहणाऱ्या माणसाचा रस्ता, शाळा आणि दवाखाना मात्र बुडालेला असतो.

१९७० च्या दशकात शहादा परिसरात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न पेटवला. १९७८ मध्ये धुळ्यातून कॉम्रेड शरद पाटलांनी मार्क्स, फुले, आंबेडकर एकत्र मांडत सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष उभा केला. वनजमिनीचा लढा या जिल्ह्याच्या हाडात आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा हे सगळे ओझे त्याच्या वाट्याला आले.

माणसाच्या नजरेकडून यंत्राच्या नजरेकडे

आता आकाशाकडे वळू. विमानातून फोटो काढून नकाशे करण्याचे तंत्र पहिल्या महायुद्धात वाढले. आपल्या उपखंडात त्याचा सुरुवातीचा मोठा उपयोग कशासाठी झाला? १९२४ मध्ये ब्रह्मदेशात इरावतीच्या मुखाकडची जंगले मोजण्यासाठी. म्हणजे आकाशातली नजर आपल्याकडे आली तीच लाकडाच्या शोधात.

विमान एका सरळ रेषेत उडते आणि एकमेकांवर चढणारे फोटो घेत जाते. एकच जागा दोन कोनांतून दिसली की तिची उंची काढता येते, जशी आपल्या दोन डोळ्यांना खोली कळते. पूर्वी हे काम माणूस यंत्रात डोळे घालून करी. रस्ता, नदी, घर, बांध एकेक रेषा हाताने काढी. एका नकाशाला महिनोन्‌महिने लागत.

१७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा भारताचा नियमित वापराचा पहिला दूरसंवेदन उपग्रह गेला. ५ मे २००५ ला कार्टोसॅट-१ गेला. त्याच्यावर पुढे आणि मागे पाहणारे दोन कॅमेरे होते, म्हणजे विमानाचे दोन डोळे आता अवकाशात गेले. दरम्यान भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून देशाच्या वनाच्छादनाचे अहवाल काढत होती. सुरुवातीला उपग्रहाचे चित्र माणूस डोळ्यांनी वाचून रंगवी. २००१ च्या अहवालापासून संपूर्ण देशाचे काम संगणकावर होऊ लागले. मागच्या दहा-पंधरा वर्षांत तर यंत्रालाच शिकवले जाते. हजारो चित्रांवर माणसांनी आधी खुणा केलेल्या असतात: हे छप्पर, हा रस्ता, हे शेत, हे जंगल. त्या पाहून यंत्र नवे चित्र स्वतः रंगवते. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांनी अशा रीतीने जगभरातल्या कोट्यवधी इमारतींच्या आकृत्या काढून खुल्या केल्या आहेत. माणसाला जन्म पुरला नसता ते काम यंत्र काही दिवसांत करते.

ही प्रगती आहे हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. यंत्राला शत्रू मानणे ही बाबासाहेबांची शिकवण नाही. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीतून संस्कृती घडते, असे मानणारे ते होते. म्हणून आमचा प्रश्न यंत्र कशाला, असा नाही. यंत्राने काय पाहिले, काय पाहिले नाही आणि ते कुणी तपासले, हे आम्ही विचारतो.

गुंठ्याचे आणि ठिपक्याचे गणित

उपग्रहाचे चित्र ठिपक्यांचे असते. देशाच्या वनाच्छादनाचे नकाशे ज्या चित्रांवरून बनत आले, त्यांचा एक ठिपका जमिनीवर २३.५ मीटर लांब आणि तेवढाच रुंद. म्हणजे सुमारे साडेपाच गुंठे. एक एकर शेत म्हणजे असे जेमतेम सात ठिपके. डोंगरउतारावरचे शेत चौकोनी नसते, ते नाल्याच्या वळणाने जाते. त्यामुळे त्या सात ठिपक्यांतले बहुतेक ठिपके अर्धे शेतात आणि अर्धे झाडोऱ्यात पडतात. यंत्राने अशा ठिपक्याला काय म्हणायचे? ते कौल लावते, आणि कौल चुकू शकतो.

कार्टोसॅट-१ चा ठिपका अडीच मीटरचा. तो चांगला आहे, पण त्याचे चित्र काळे-पांढरे. पीक आणि गवत रंगावरून वेगळे काढायचे तर ते चित्र एकटे पुरत नाही.

त्याहून मोठी अडचण ऋतूची आहे. सातपुड्यातली शेती पावसाच्या भरवशावरची. ज्वारी, मका, भगर, उडीद जून ते सप्टेंबर शेतात उभे असतात, आणि नेमके तेव्हाच आकाश ढगांनी भरलेले असते. साधा कॅमेरा ढगातून पाहू शकत नाही. स्वच्छ चित्र मिळते ते पीक निघाल्यावर, हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात. तेव्हा शेत रिकामे असते आणि इथल्या पानगळीच्या जंगलाचीही पाने झडायला लागलेली असतात. रिकामे शेत, पडीक माळ आणि विरळ जंगल वरून जवळपास सारखेच दिसतात. वनहक्क कायद्याची कट-ऑफ तारीख काय? १३ डिसेंबर २००५. खरीप घरात येऊन पडलेले, शेत मोकळे.

आता बाबांच्या महूच्या झाडाकडे येऊ. भिल्ल, पावरा शेतकरी शेत काढताना महू, आंबा, चारोळी तोडत नाही. ती झाडे त्याचे अर्धे घर चालवतात. आणि वन सर्वेक्षणाची व्याख्या अशी आहे की एक हेक्टरहून मोठ्या जमिनीवर १० टक्क्यांहून जास्त झाडांची सावली असेल तर ते वनाच्छादन, मग जमीन कुणाचीही असो. व्याख्या देशातली झाडे मोजण्यासाठी केली आहे, त्या कामाला ती ठीक आहे. पण तोच थर उचलून शेतकऱ्याच्या दाव्यावर ठेवला की झाडे राखणाऱ्याला शिक्षा होते. ज्याने झाडे तोडून रान उघडे केले त्याचे शेत यंत्राला स्पष्ट दिसते. ज्याने महू वाचवला त्याचे शेत जंगल ठरते. बाबा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे: त्याला महू दिसला म्हणूनच तुम्ही दिसला नाहीत.

आणखी एक हिशेब. हातातल्या जीपीएस यंत्राची चूक पाच मीटर असणे नवल नाही. एक एकराचे चौरस शेत घेतले तर त्याची बाजू साधारण ६४ मीटर. वाईटात वाईट म्हणजे चारही कडा पाच-पाच मीटर आत सरकल्या, तर ४० गुंठ्यांपैकी सुमारे २८ गुंठे उरतात. पन्नास एकरवाल्याला पाच मीटरने फारसा फरक पडत नाही. एक एकरवाल्याची भाकरी जाते.

म्हणूनच "यंत्र ९५ टक्के अचूक आहे" असे कुणी सांगितले की आम्ही विचारतो, उरलेले पाच टक्के कुठे आहेत? चूक सगळीकडे सारखी पसरत नाही. ती लहान तुकड्यांवर, उतारांवर, कडांवर, झाडांखालच्या कौलारू घरांवर जमा होते. म्हणजे ती दलित, आदिवासी, भूमिहीन यांच्याच वाट्याला येते. गूगलच्या इमारतींच्या माहितीत प्रत्येक आकृतीसोबत ती इमारत असण्याची खात्री किती, याचा आकडा दिलेला असतो. यंत्र बिचारे प्रामाणिक आहे, ते 'बहुधा' म्हणते. पण कार्यालयात येईपर्यंत तो आकडा गळून पडतो आणि 'बहुधा'चे 'सबब अमान्य' होते. हा गुन्हा यंत्राचा नाही.

कायदा काय म्हणतो

वनहक्क कायदा २००६ चा, नियम १ जानेवारी २००८ चे. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. तीत उपग्रह प्रतिमा आहे. त्याच यादीत बांध, घर, सपाटीकरण अशा जमिनीवरच्या खुणा आहेत. आणि त्याच यादीत दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही आहेत. मोलगीच्या डोंगरावरची म्हातारी आणि अवकाशातला उपग्रह यांना कायद्याने एकाच पंगतीत बसवले आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच सांगितले की उपग्रह प्रतिमा इतर पुराव्याला पूरक ठरू शकते, पण त्याची जागा घेऊ शकत नाही. कुठल्याही एका विशिष्ट कागदाचा हट्ट समित्यांनी धरायचा नाही.

गुजरातमध्ये प्रतिमेचा आधार घेऊन दावे मोठ्या संख्येने नाकारले गेले, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०१३ च्या निकालाने नाकारलेल्या दाव्यांचा फेरविचार करायला लावला आणि इतर पुरावेही पाहावे लागतील हे ठणकावले. तरीही १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचे आदेश दिले, तेव्हा वन सर्वेक्षण संस्थेला उपग्रहाने अतिक्रमणे पाहून नोंद सादर करायलाही सांगितले. देशभर संताप उसळला आणि २८ फेब्रुवारीला निष्कासनाला स्थगिती मिळाली. दाव्याची सुनावणी नीट झाली का, हे न विचारता आधी वरून फोटो काढायचा, हा क्रम आम्हाला मान्य नाही.

आता एक तुलना पाहा. २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोन उडवून गावठाणातल्या घरांचे नकाशे करायचे. महाराष्ट्रात त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत याचा प्रयोग झाला होता. तिथे ड्रोन उडण्याआधी काय करतात? लोकांना बोलावून, त्यांच्यासमोर, जमिनीवर चुन्याने हद्दीच्या रेषा मारतात. मग फोटो. मग नकाशा. मग हरकती. म्हणजे गावठाणात यंत्र माणसाच्या रेषेची वाट पाहते. डोंगरावर मात्र माणसाने यंत्राच्या रेषेची वाट पाहायची. हा दुजाभाव तंत्रज्ञानातून येत नाही, तो आपल्या समाजरचनेतून येतो. आणि गावठाणातही दक्ष राहा. बौद्धवाड्याच्या हद्दीवर चुना कोण मारतो, त्या वेळी आपली माणसे हजर असतात का, हे पाहायला हवे.

हा प्रश्न फक्त आदिवासींचा नाही

काही बांधव म्हणतील, हा आदिवासींचा विषय आहे, आपल्या लेखणीत कशाला? त्यांनी गायरान आठवावे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या लढ्यांचे फळ म्हणून १९९१ च्या शासन निर्णयाने मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायची ठरली. त्याची कट-ऑफ तारीख आहे १४ एप्रिल १९९०. त्या काळचे उपग्रह चित्र पाहायचे तर लँडसॅटचा ठिपका ३० मीटरचा, जवळजवळ नऊ गुंठ्यांचा. एक एकर गायरान म्हणजे साडेचार ठिपके. उद्या कुणी असे चित्र समोर ठेवून "१९९० मध्ये तुम्ही नव्हता" म्हणाले, तर आपण काय करणार?

वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या वननिवासींना तर तीन पिढ्यांचे, ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. म्हणजे १९३० पासून. पहिला उपग्रह आकाशात गेला १९५७ मध्ये. जंगलकाठच्या दलित कुटुंबाची साक्ष उपग्रह देऊच शकत नाही. तिथे वडीलधाऱ्यांचा शब्द हाच पुरावा.

दुसरीकडून आक्षेप येतो की माणसे खोटे बोलतात आणि यंत्र बोलत नाही. बोगस दावे होतात हे खरे आहे, आणि ते बहुधा वजनदारांचे असतात. म्हणून तर आम्ही उपग्रहाची साक्ष फेकून द्या म्हणत नाही. दोन्ही साक्षी समोरासमोर ठेवा. मोलगीपासून डोंगर ओलांडला की गुजरातचे सागबारा आणि डेडियापाडा तालुके लागतात. तिथे आर्च या संस्थेच्या मदतीने गावकऱ्यांनी स्वतः जीपीएस घेऊन शेताच्या कडेने फिरून हद्दी नोंदवल्या, त्या उपग्रह चित्रांवर मांडल्या, आणि त्याच चित्रांच्या आधारे आपले दावे मजबूत केले. तेच तंत्रज्ञान. फरक एवढाच की यंत्र ग्रामसभेच्या हातात होते.

मग करायचे काय?

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रतिमेच्या आधारे दावा नाकारायचा असेल तर नोटिशीत उपग्रहाचे नाव, चित्राची तारीख आणि ठिपक्याचा आकार लिहा. ती प्रतिमा, पाड्यांची नावे टाकून, कागदावर छापून ग्रामसभेला द्या. दावेदाराला सोबत घेऊन शेतावर पाय ठेवल्याशिवाय शेरा मारू नका. यंत्राला किती खात्री होती तो आकडा नकाशावर छापा. अक्कलकुवा, अक्राणी हे पाचव्या अनुसूचीतले क्षेत्र आहे, १९९६ चा पेसा कायदा इथे लागू आहे. ग्रामसभेला न दाखवता केलेला नकाशा इथे घटनेच्या विरोधात आहे असेच आम्ही मानतो.

आणि आपल्या तरुणांसाठी एक मागणी. 'शिका' याचा अर्थ आता हेही शिका. नकाशे करायची मोफत सॉफ्टवेअरे उपलब्ध आहेत. जिल्ह्याच्या गावी संगणक शिकलेल्या प्रत्येक मुलामुलीने आपल्या एका वस्तीचा, एका पाड्याचा नकाशा करावा. आपल्या आज्याला शीव चालून दाखवावी लागली, कारण ती त्याच्या डोक्यात होती आणि कागद दुसऱ्याच्या हातात होता. या पिढीत शीवही आपल्या डोक्यात हवी आणि कागदही आपल्या हातात हवा.

बाबांच्या प्रकरणात अपिलाला ६० दिवसांची मुदत असते. दिवस शिल्लक होते. शेतावर जाऊन आम्ही बांधाचे फोटो काढले, महूच्या झाडापासून नाल्यापर्यंतची हद्द बाबांच्या मागे चालत नोंदवली, आणि शेजारच्या पाड्यावरच्या दोन वृद्धांचे जबाब लिहून घेतले. एक आजी अंगठा उठवताना म्हणाल्या, "याच्या बापाला मी इथे नांगर धरताना पाहिलंय." अपील दाखल आहे, निकाल यायचा आहे. उपग्रहाने काय पाहिले ते त्या फाइलमध्ये आधीपासून होते. आजींनी काय पाहिले, तेही आता त्याच फाइलमध्ये आहे.

जय भीम! जय जोहार!